तारीख उलटली, अंडे खावे की टाकावे?

सीवूड्स रेल्वेस्थानकाला जोडूनच उभ्या असलेल्या मॉलमधून अंड्यांचे खोके आणले, तर त्यावर तारीख छापलेली असते. तेथून बाहेर पडून सेक्टरातल्या एखाद्या वाण्याकडे गेले, तर तीसच्या ट्रेमधून मोजून दिलेल्या सुट्या अंड्यांवर काहीच छापलेले नसते. पहिल्या घरात तारीख उलटताच उरलेली चार अंडी कचऱ्याच्या डब्यात जातात. दुसऱ्या घरात तेवढीच जुनी अंडी कोणतीही शंका न घेता तव्यावर फोडली जातात. दोन्ही घरे एकच चूक करीत असतात. अंड्याची खरी अवस्था काय, हे दोघांपैकी कोणीच पाहिलेले नसते.

प्रथम तारखेचा अर्थ समजून घ्यायला हवा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत दोन निराळ्या संज्ञा आहेत. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची मुदत होय. ती उलटल्यावर पदार्थाचा दर्जा थोडा उतरलेला असू शकतो, पण तो खाण्याजोगा असू शकतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही मात्र शेवटची तारीख असून, त्यानंतर पदार्थ विकताही येत नाही आणि खाऊही नये. म्हणून खोक्यावर यांपैकी कोणते शब्द आहेत, हे आधी वाचावे. शिवाय दोन्ही तारखा साठवणुकीच्या अटीवर अवलंबून असतात. ‘थंड जागी ठेवा’ असे छापलेले खोके आठवडाभर ओट्यावर राहिले असेल, तर त्यावरील तारखेला फारसा अर्थ उरत नाही.

सुट्या अंड्यांच्या बाबतीत तर प्रवासाचे दिवसही धरावे लागतात. राज्यात दररोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी खपतात, पण उत्पादन एक ते सव्वा कोटींच्या घरात आहे, असे राज्याच्या पशुसंवर्धन विभागातर्फे जानेवारी २०२३ मध्ये सांगण्यात आले होते. उरलेली गरज कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडू या राज्यांतून भागवली जाते. त्यामुळे दुकानातील अंडे ‘आजच आलेले’ असले, तरी ते आजच घातलेले असेलच असे नाही.

अंडे जुने होते म्हणजे नेमके काय होते? अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे बाहेर पडून थंड होताच आतील द्रव किंचित आकुंचन पावतो आणि रुंद टोकाला हवेची लहानशी पोकळी तयार होते. पुढे छिद्रांतून पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो. पोकळी वाढते, अंडे हलके होते. पांढऱ्या बलकाचा पीएच ७.६ च्या आसपास असतो, तो ९ च्या वर चढतो. घट्ट बलक पातळ होतो आणि पिवळ्या बलकाभोवतीचे पातळ आवरण दुबळे पडते. उष्णतेत हे सारे फार झपाट्याने घडते.

पाण्याची प्रसिद्ध परीक्षा याच पोकळीवर आधारलेली आहे. खोलगट भांड्यातील गार पाण्यात अंडे अलगद सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते. थोडे जुने अंडे तळाशीच राहून तिरके किंवा उभे होते; ते उकडून, बुर्जी करून किंवा रश्श्यात घालून खावे. उकडण्यासाठी तर थोडे जुने अंडेच बरे, कारण त्याचे कवच सहज सुटते. वर तरंगणारे अंडे फारच जुने झालेले असते. ते नासलेलेच असेल असे नव्हे, परंतु आपल्याकडच्या हवेत ते टाकून देणेच शहाणपणाचे. परीक्षेत उतरलेले अंडेही आधी वाटीत फोडावे. कुजका वास, किंवा गुलाबी, हिरवट वा काळसर छटा दिसली, तर विचार करत बसू नये. रक्ताचा बारीक ठिपका मात्र नासल्याचे लक्षण नव्हे.

येथपर्यंतच्या परीक्षा अंड्याचे वय सांगतात. ते निर्धोक आहे की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. साल्मोनेला हा जिवाणू ताज्या, पाण्यात बुडणाऱ्या, वास नसलेल्या अंड्यातही असू शकतो. पांढऱ्या बलकात लायसोझाइम हे जिवाणूंना मारणारे विकर असते. पेनिसिलिनच्या शोधाआधी, १९२२ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याचे वर्णन केले होते. दुसरे एक प्रथिन जिवाणूंना लागणारे लोह बांधून ठेवते. पण पिवळ्या बलकाचे आवरण दुबळे झाले, की त्यातील पोषक द्रव्ये व लोह बाहेर झिरपते आणि जिवाणूंना वाढीस वाव मिळतो. म्हणूनच नुसत्या दिवसांपेक्षा उष्णतेत गेलेले दिवस अधिक घातक ठरतात.

खाडीकाठच्या सीवूड्सची दमट हवा येथे आणखी एक अडचण निर्माण करते. फ्रिजमधून काढलेले गार अंडे बाहेर ठेवले, की त्यावर दव जमते आणि त्या ओलाव्यासोबत कवचावरील जिवाणू छिद्रांतून आत जाऊ शकतात. त्यामुळे एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी तेथेच ठेवावीत, लागतील तेवढीच काढावीत. दारातील कप्प्यापेक्षा आतील फळी बरी, कारण दार उघडताना तेथील तापमान सतत बदलते. निमुळते टोक खाली असावे. साठवण्यापूर्वी अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो. सुट्या अंड्यांच्या डब्यावर आणल्याची तारीख स्वतःच लिहून ठेवावी.

घरात लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर नियम अधिक कडक हवा. दोन्ही बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत अंडे शिजवावे; साल्मोनेला मारण्यासाठी अंड्याच्या पदार्थाच्या आतील भागाचे तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे आवश्यक मानले जाते. हाफ फ्राय, घरचे मेयोनीज किंवा दुधात फेटलेले कच्चे अंडे त्यांना देऊ नये, मग खोक्यावरची तारीख कितीही पुढची असो. इतरांनी मात्र, सतत थंड राहिलेले, न तडकलेले आणि पाण्यात बुडणारे अंडे ‘बेस्ट बिफोर’ दोन-चार दिवसांपूर्वी उलटली, एवढ्याच कारणाने फेकण्याची गरज नाही. ते नीट उकडावे आणि खावे.