१०२४ खणांचे कपाट आणि काझी अझीझुल हक

संशयिताच्या बोटांना शाई लावून कागदावर ठसे घेणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे. कचेरीत असे हजारो कागद साठले की हवा तो कागद शोधायचा कसा? पकडलेला माणूस आपले नाव खोटे सांगतो, गाव खोटे सांगतो. मग कागद नावाच्या क्रमाने लावून उपयोग काय?

१८९० च्या दशकात बंगाल पोलिसांपुढे हाच प्रश्न होता. पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी त्यासाठी खुलना भागातला एक गणिताचा विद्यार्थी हाताशी घेतला. काझी अझीझुल हक हे त्याचे नाव. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तो शिकलेला होता.

त्याची युक्ती आठवीच्या मुलालाही समजेल. बोटांवरच्या रेषा कुठे भोवऱ्यासारख्या गोल फिरतात, कुठे वळसा घेऊन परततात, तर कुठे कमानीसारख्या असतात. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर भोवरा असेल तर १६ गुण, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. भोवरा नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाचे गुण वर मांडायचे, दुसऱ्याचे खाली, आणि दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. वर १ ते ३२, खाली १ ते ३२. बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे १०२४ खण. कागद कोणत्या खणात आहे हे आता माणसाची बोटेच सांगणार, त्याची जीभ नव्हे! हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या कामात मोठी भर घातली. १८९७ मध्ये सरकारने ही पद्धत स्वीकारली आणि कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात तशी शाखा निघाली ती १९०१ मध्ये.

त्याच सुमारास जलपाईगुडीत चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. तिजोरी लुटली गेली होती. त्याच्या कागदपत्रांत एक बंगाली पंचांग सापडले, त्यावर रक्ताचे पुसट डाग होते. त्यातला एक डाग कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. चोरीच्या जुन्या शिक्षेमुळे त्याचे ठसे दप्तरी आधीच होते. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरले, खुनासाठी मात्र नाही. अनेकांना हा निकाल भित्रेपणाचा वाटेल. मला तो शहाणपणाचा वाटतो. या हाताने पंचांगाला स्पर्श केला एवढेच ठसा सांगतो. सुरी कोणी चालवली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दुसऱ्याच वर्षी ठसेतज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून घेण्याची सोय कायद्यात झाली.

पद्धतीला मात्र नाव मिळाले हेन्रींचे. जगभर ती आजही ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच शिकवतात. पुढे सरकारने हक यांना ‘खान बहादूर’ किताब आणि ५,००० रुपये दिले. १९२६ मध्ये खुद्द हेन्रींनी पत्रातून मान्य केले, की ही वर्गवारी पूर्णत्वास नेण्यात आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता. तोवर हक नोकरीतून निवृत्त झाले होते. १९३५ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीत त्यांचा इंतकाल झाला.