अँग्लो-सॅक्सन इंग्लंड आणि ख्रिस्ती धर्मसंस्था

इसवी सन ५९७ मध्यें केंटचा राजा एथेलबर्ट यानें रोमहून आलेल्या पाहुण्यांची थॅनेट बेटावर भेट घेतली. ही भेट छपराखालीं न होतां उघड्या आकाशाखालीं झाली. परक्यांनीं जादूटोणा केलाच तर मोकळ्या जागेंत त्याचा प्रभाव चालत नाहीं, अशी राजाची समजूत होती. पाहुणे म्हणजे पोप पहिला ग्रेगरी यानें पाठविलेला ऑगस्टीन व त्याचे सोबती संन्यासी. राणी बर्था ही फ्रँक राजकुलांतील असून ख्रिस्ती होती. त्यामुळें हा धर्म राजाला अगदींच अपरिचित नव्हता. त्यानें पाहुण्यांना कँटरबरी येथें जागा दिली, उपदेशाची मोकळीक दिली, आणि कांहीं काळानें स्वतःहि बाप्तिस्मा घेतला.

पांचव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटनवरील रोमची सत्ता संपली. त्यानंतर जर्मनी व डेन्मार्ककडील अँगल, सॅक्सन व जूट या टोळ्या तेथें येऊन वसल्या आणि त्यांचीं अनेक लहानमोठीं राज्यें झालीं. खून झाला तर मयताच्या नातलगांनीं सूड घ्यावा, नाहींतर त्याच्या दर्जाप्रमाणें ठरलेलें रक्तमूल्य वसूल करावें, हा त्यांचा न्याय होता. लाकडावर व धातूवर रून नांवाचीं अक्षरें कोरण्याची विद्या त्यांना अवगत होती; परंतु त्यांचा कायदा वृद्धांच्या स्मरणांत आणि इतिहास भाटांच्या मुखांत राहत असे. अशा समाजांत धर्मसंस्थेनें नवा देव तर आणलाच, पण त्याबरोबर बोललेला शब्द टिकवून ठेवण्याचें साधनहि आणलें. पुढील सुमारें साडेचार शतकांतील तिच्या सत्तेचें, उपकारांचें आणि दोषांचेंहि मूळ या एका गोष्टींत सांपडतें.

याचा पहिला पुरावा एथेलबर्टाच्या कायद्यांत दिसतो. रोमन लिपींत पण लोकांच्या इंग्रजी भाषेंत लिहिलेला हा कायदा इंग्रजींतील सर्वांत जुना होय. त्याचें पहिलेंच कलम धर्मसंस्थेच्या मालमत्तेचें आहे : देवाच्या मालकीची वस्तु चोरल्यास बारापट, बिशपची चोरल्यास अकरापट भरपाई. परदेशांतून आलेल्या संन्याशांचा सूड घेण्यास तेथें कोणी भाऊबंद नव्हते. तें काम लेखी कायद्यानें आपल्याकडे घेतलें.

धर्मप्रसाराची दुसरी वाट उत्तरेकडून आली. आयर्लंडच्या परंपरेंतील आयोना येथील मठांतून एडन हा साधु ६३५ मध्यें नॉर्थम्ब्रियांत आला व त्यानें लिंडिस्फार्न बेटावर मठ स्थापिला. त्यास इंग्रजी नीट येत नसे, म्हणून राजा ऑस्वल्ड स्वतः दुभाष्याचें काम करी. पुढें दोन परंपरांत ईस्टरच्या तिथीवरून वाद पडला. राजा ऑस्वी ईस्टरची मेजवानी करीत असतां राणीचा उपवास चालू आहे, असाहि प्रसंग राजवाड्यांत येई. अखेर ६६४ मध्यें हिल्डा ही जेथें मठाधिकारिणी होती त्या व्हिट्बीच्या मठांत सभा भरली व राजानें रोमच्या बाजूनें निर्णय दिला. ६६९ मध्यें आशियामायनरमधील तार्ससचा वृद्ध पंडित थिओडोर हा आर्चबिशप म्हणून कँटरबरीस आला आणि त्यानें सर्व राज्यांतील बिशपांना एका शिस्तींत बांधलें. इंग्रजांना एक राजा मिळण्यापूर्वीं दोन शतकांहून अधिक काळ त्यांना एक धर्मसंस्था मिळाली होती.

या संस्थेचा जम बसला तो जमिनीच्या आधारावर. राजे मठांना जमिनी देत आणि त्याची सनद लिहून ठेवीत. अशी जमीन दात्याच्या मृत्यूनंतरहि परत जात नसे. जमिनीवर गुरें, गुरांचें कातडें आणि कातड्यावर पुस्तक, असा हा क्रम होता. वेअरमथ व जॅरो या जोडमठांत तयार झालेल्या व ७१६ मध्यें रोमकडे पाठविलेल्या बायबलच्या एका प्रतीस पांचशेंहून अधिक वासरांचीं कातडीं लागलीं. त्याच मठांत बीडनें ७३१ मध्यें इंग्रज लोकांच्या धर्मसंस्थेचा इतिहास पूर्ण केला. त्यांत ख्रिस्तजन्मापासून वर्षें मोजण्याची जी पद्धत त्यानें वापरली, ती पुढें युरोपभर रूढ झाली.

दुर्बळांनाहि या संस्थेचा आधार होता. वेसेक्सचा राजा इने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्याप्रमाणें, देहांताचा अपराधी देवळांत पोंचला तर त्याचा जीव वांचे व त्यानें भरपाई द्यावी, असें ठरलें. मालकानें गुलामास रविवारीं कामास लावलें तर गुलाम स्वतंत्र होई आणि मालकास दंड पडे. बिशप विल्फ्रिड यास सेल्सी येथें जमिनीबरोबर २५० दासदासी मिळाल्या. त्या सर्वांस त्यानें बाप्तिस्मा देऊन मुक्त केलें. पुढें वेदीसमोर गुलाम मुक्त करून त्याची नोंद शुभवर्तमानाच्या पोथींत करण्याची चाल पडली. तथापि गुलामगिरी मात्र राहिलीच, आणि मठांच्या जमिनीवरहि गुलाम राबत.

दोष दाखविणारा माणूसहि याच संस्थेंतून निघाला. ७३४ मध्यें, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, बीडनें बिशप एग्बर्ट यास एक कठोर पत्र लिहिलें. सरदार लोक मठाच्या नांवानें सनदा मिळवितात आणि तेथें संसार थाटतात. दूरच्या खेड्यांना बिशपचें दर्शनहि होत नाहीं, पण त्याचा कर मात्र चुकत नाहीं, अशी त्याची तक्रार होती. ज्या सनदेनें मठांना आधार दिला, तीच आतां लबाडीचें साधन झाली होती.

पुढें ७९३ मध्यें उत्तरेकडील समुद्री लुटारूंनीं लिंडिस्फार्नचा मठ लुटला आणि नंतरच्या शतकांत अनेक मठ उद्ध्वस्त झाले. आल्फ्रेड ८७१ मध्यें वेसेक्सच्या गादीवर आला, तेव्हां टेम्सच्या दक्षिणेस लॅटिन समजणारा एकहि माणूस आपणांस आठवत नाहीं, असें त्यानें पुढें लिहिलें. त्याच्या मतें दोष केवळ लुटारूंचा नव्हता. पुस्तकें जळण्यापूर्वींच तीं वाचणारे थोडे उरले होते, कारण तीं लोकांच्या भाषेंत नव्हतीं.

म्हणून आल्फ्रेडनें पंडित जमवून, सर्वांनीं जाणावीं अशीं पुस्तकें इंग्रजींत आणण्याचें काम हातीं घेतलें. ऐपत असलेल्या स्वतंत्र घरांतील मुलांनीं आधीं इंग्रजी वाचावयास शिकावें आणि पुढें जाणारांनीं लॅटिनकडे वळावें, अशी त्याची योजना होती. आरंभींच्या पुस्तकांत त्यानें निवडलेला एक ग्रंथ होता पोप पहिला ग्रेगरी याचा, ज्यानें ऑगस्टीनला इंग्लंडास पाठविलें होतें त्याच ग्रेगरीचा. त्याच्या प्रती बिशपांकडे रवाना झाल्या. त्यांतील वूस्टरच्या बिशपास गेलेली प्रत आजहि ऑक्सफर्ड येथील ग्रंथालयांत आहे. थॅनेटच्या माळावर ज्या परक्यांची राजाला भीति वाटली, त्यांची विद्या तीनशें वर्षांनीं दुसऱ्या एका राजानें आपल्या प्रजेच्या बोलींत लिहविली.