भक्षकपेशींस मिळणारे संदेश

पाणपिसू हा इवलासा प्राणी इतका पारदर्शक असतो, की त्याच्या देहातील घडामोडी तो जिवंत असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८४ साली वर्णिलेला झगडा याच प्राण्याच्या अंगातील होय. किण्वाची सुईसारखी बीजे त्याच्या आतड्याची भिंत भेदून आत शिरत आणि भटक्या पेशी त्यांभोवती जमून त्यांस गिळीत. पेशी वरचढ ठरल्या तर पिसू जगे. किण्व फोफावले तर ती मरे.

परंतु गिळणे म्हणजे मारणे नव्हे. कबुतरांच्या विष्ठेत आढळणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी श्वासावाटे मनुष्याच्या फुफ्फुसांत जाते. तिच्याभोवती शर्करामय द्रव्याचे जाड कवच असते. महाभक्षक पेशीने तिला गिळले तरी ती आतच वाढू लागते. कित्येकदा तर यजमान पेशीस न मारता सुखरूप बाहेरही पडते! येथे भक्षक पेशीस चेतविणारे कोणी तरी लागते. बुरशीच्या भित्तिकेतील ग्लुकन ओळखताच भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१२ हे द्रव्य स्रवतात. त्याच्या प्रभावाने टी-लसीकापेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि तेच परत भक्षक पेशीस येऊन चिकटते. मग तिच्यातील ऑक्सिजनची मारक संयुगे वाढतात व गिळलेल्या बुरशीचा नाश होऊ लागतो. साद आणि प्रतिसाद, दोन्ही रासायनिकच.

एड्स रोगात या टी-पेशी घटतात, म्हणूनच त्या रुग्णांस क्रिप्टोकॉकसचा मस्तिष्कावरणदाह जडतो. दक्षिण आफ्रिकेतील ९० रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांसह इंटरफेरॉन-गॅमाच्या अवघ्या दोन मात्रा दिल्यानेही मस्तिष्कद्रवातील बुरशी अधिक वेगाने नाहीशी झाली. रुग्ण अधिक संख्येने वाचले, असे मात्र एवढ्या लहान प्रयोगातून सिद्ध झाले नाही. ते येथे स्पष्ट सांगणे इष्ट.

हे संदेश दबले म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्या देशास २०२१ साली आला. कोविडच्या दाहावर दिलेल्या स्टेरॉइडांनी अनेकांचे प्राण वाचविले. पण तीच औषधे भक्षक पेशींची मारकशक्ती मंदावितात आणि रक्तातील साखरही वाढवितात. त्यातच बहुसंख्य रुग्ण मधुमेही. त्या वर्षी जूनअखेर म्युकरमायकोसिसचे ४०,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. लोकांनी त्यास ‘काळी बुरशी’ म्हटले. वस्तुतः काळा रंग बुरशीचा नव्हे. रक्तवाहिन्या बंद पडून मृत झालेल्या ऊतीचा तो रंग होय.