गो-कार्टची शर्यत आणि आपली मुले

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत गो-कार्टच्या शर्यतीवर लेख पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. पहिली आठी आमच्याच कपाळावर उमटली होती. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील एके सायंकाळी घरी आले. पेडण्यात त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. म्हणाले, “सर, पोराला इंजिनिअरिंगला घातले आणि तो आता गाडी पळवायला पाच हजार मागतो. काय करू?” आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, “देऊ नका.” तो सल्ला चुकीचा होता. कसा चुकीचा होता, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

गो-कार्टचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगल्स नावाच्या, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिराने लोखंडी पाइपांची चौकट केली, तिला चार लहान चाके लावली आणि हिरवळ कापण्याच्या यंत्राचे इंजिन मागे बसवले. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, इंडियाना राज्यातील परड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कार्टची वार्षिक शर्यत सुरू केली. तेहतीस गाड्या आणि १६० फेऱ्या असे तिचे रूप पुढे ठरून गेले, आणि तिच्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. (आमच्या विश्वस्तांनी हे शेवटचे वाक्य कृपया दोनदा वाचावे.)

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या क्लबांची आपसांत कार्टिंग स्पर्धा चालते. तेथे सर्वांना एकसारख्याच गाड्या मिळतात, म्हणजे हरल्यावर गाडीला दोष देण्याची सोय उरत नाही. आपल्याकडील इंजिनिअरिंग कॉलेजांच्या क्लबांत बहुधा उलट प्रकार असतो. गाडी मुलांनी स्वतः बांधायची आणि मग ती घेऊन दुसऱ्या कॉलेजांसमोर उभे राहायचे. हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर १९८१ मध्ये टेक्सास विद्यापीठात निघालेल्या फॉर्म्युला स्पर्धेत आहे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या मुलांनी स्वतः बांधलेली विजेवरची गाडी याच परंपरेतील स्पर्धेसाठी इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला नेली आहे. तेथे १००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी जागची न हलता मिळतात! ही रचना का केली, खर्च किती आला, ती विकायची झाल्यास कशी विकाल, हे परीक्षकांना पटवून द्यावे लागते. ‘गाडी पळवणे’ हे या विद्येचे केवळ एक अंग होय.

आता गाडीकडे वळू. आमच्या बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. चाके मोकळी असल्यामुळे काही अडत नाही. मोटारीत हेच काम डिफरन्शियल करतो. कार्टमध्ये यांपैकी काहीच नाही. मागची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट आवळलेली असतात आणि आसासह एकाच वेगाने फिरतात. चाकांमधील अंतर एक मीटर धरले, तर अर्धवर्तुळाच्या वळणात बाहेरच्या चाकाला सुमारे ३.१४ मीटर जास्त जायचे असते. (नववीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे.) मग एक चाक घसरणार, आणि गाडी वळण्याऐवजी सरळच जाऊ पाहणार.

यावर केलेली युक्ती आम्हाला फार आवडली. पुढच्या चाकांची मांडणी अशी तिरकी असते की स्टिअरिंग वळवताच आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, चौकट किंचित पिळवटते आणि आतले मागचे चाक जमिनीवरून जरासे उचलले जाते. तेवढा क्षण गाडी तीन चाकांवर वळते. कार्टला स्प्रिंग नसतात. ते काम चौकटच करते. म्हणून चौकट फार ताठ झाली तर चाक नीट उचलले जात नाही, फार सैल झाली तर गाडी हाताबाहेर जाते. पाइप कोणता घ्यावा, तो कोठे वाकवावा, वेल्डिंग कोठे करावे, हे आधी कागदावर व मग हातांनी ठरवावे लागते.

एक गोष्ट मातांसाठी. साध्या कार्टला सीटबेल्ट नसतो, हे पाहून आम्हीही दचकलो होतो. कारण असे की, डोक्यावर पोलादी पिंजरा नसलेली गाडी उलटली तर बांधलेला चालक तिच्याखाली अडकेल. म्हणून हेल्मेट, मान व बरगड्यांचे संरक्षक, हातमोजे आणि जाड पोशाख यांवर भर असतो. धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण हेल्मेटविना तिघे जण एका मोटारसायकलवर बसून जातात, त्यापेक्षा तो खचित कमी आहे.

कोल्हापुरात मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. कॉलेजांची ती स्पर्धाही आंबोली घाटापलीकडेच होती. वडिलांनी आमचा सल्ला मानला नव्हता. पैसे दिले होते, आणि आम्हालाही आग्रहाने सोबत नेले.

शर्यतीपूर्वी तपासणी असते. आमच्या मुलांची गाडी ब्रेकच्या परीक्षेत नापास झाली. पेडल पहिल्यांदा दाबले की खोल जाई, दुसऱ्यांदा दाबल्यावर घट्ट होई. दोरीच्या अलीकडे उभे असलेले वडील हळूच म्हणाले, “नळीत हवा आहे.” तीस वर्षे हेच काम केलेला माणूस, दहा पावलांवर मुलगा, आणि नियम असा की गाडीला विद्यार्थ्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही, सांगायचेही नाही. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. अर्धा तास मुले आस, चकती, पेडल असे सारे तपासत बसली. अखेर मुलाने नळीवर बोट ठेवले. हवा काढण्यासाठी लागणारा पाना व ब्रेक ऑइल त्यांच्यापाशी नव्हते; शेजारच्या तंबूतील प्रतिस्पर्धी क्लबाच्या मुलांनी ते दिले, आणि पेडल दाबायला त्यांच्यातलाच एक जण बसला. त्याच क्लबाशी गेल्या वर्षी यांचे मोठे भांडण झाले होते, असे मागाहून कळले.

गाडी शर्यतीत उतरली, परंतु चौदाव्या फेरीत चेन उतरली आणि आमची मुले खालच्या क्रमांकांत राहिली. पाना देणारा क्लब तिसरा आला. परतताना घाटात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडिलांनी मुलाला विचारले, “चेनला ढील किती ठेवली होतीस?” त्याने बोटांनी दाखवले. पेडणे येईपर्यंत दोघे चेनविषयीच बोलत होते, आणि आम्ही मागच्या सीटवर ऐकत बसलो होतो.