आमच्या लेखणीतला ‘मी’ आणि ‘आम्ही’

दलित साहित्याबद्दल एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. चर्चासत्र असो की परिसंवाद, प्रस्थापित समीक्षक उठतात, ‘अनुभव फार दाहक आहे’ म्हणून पाठीवर थाप मारतात आणि लगेच पुढे म्हणतात, ‘पण कलेच्या अंगाने पाहिले तर...’ त्या ‘पण’मध्येच सारे आले. भोगले तुम्ही, पण साहित्य मात्र आमचे! विटा तुम्ही वाहायच्या, इमारतीचा नकाशा आम्ही काढायचा. कामाची ही वाटणी आम्हाला नवी नाही. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. तीच विभागणी आता समीक्षेत शिरली आहे, एवढेच.

दुःखाची गोष्ट अशी की हे ऐकून ऐकून आपलीही काही माणसे तसेच बोलू लागली आहेत. ‘आपली आत्मकथने म्हणजे जगलेले तसेच्या तसे मांडलेले’ असे आपण कौतुकाने म्हणतो. पण तसेच्या तसे काहीच मांडले जात नसते. कुठून सुरुवात करायची, काय सांगायचे, काय गाळायचे, कोणाच्या तोंडून सांगायचे, हे लेखक ठरवतो. या ठरवण्यातच त्याचा विचार असतो. ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. मजल्यावर मजले, पण जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. ही उपमा शोभेसाठी नव्हती. नुसती ‘उच्चनीचता’ म्हटले असते तर वर चढण्याची आशा शिल्लक राहिली असती. जिना नसलेला मनोरा म्हटल्याबरोबर ती आशाही संपली आणि जातीचे खरे स्वरूप उघडे पडले.

आमच्या लेखकांनी हाच वारसा चालवला. त्यातली एकच गोष्ट येथे पाहू. कथा सांगणारा कोण, म्हणजे ‘मी’, ‘तो’ की ‘आम्ही’?

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातल्या शीर्षककथेचा ‘मी’ रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो, जात न सांगता राहतो, मानाने वागवला जातो आणि शेवटी जात कळताच बेदम मार खातो. बागुलांनी गुपित शीर्षकातच फोडून टाकले आहे. ते वाचकाला ठाऊक आहे, भोवतालच्या माणसांना नाही. म्हणून त्याला मिळणारा प्रत्येक आदराचा शब्द वाचताना आपल्या छातीत धस्स होते. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले गेले की जे होते, ते बागुल कथाभर वाचकाला भोगायला लावतात. ती धाकधूक सवर्ण वाचकालाही चुकत नाही. आणि ‘चोरली’ हे क्रियापद पाहा. मराठीत आपण अंग चोरतो, म्हणजे कोणाला स्पर्श होऊ नये म्हणून आकसून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या अंग चोरायला लावलेल्या माणसाने जात चोरली, तर चोर कोण? ज्याचे माणूसपण लुटले गेले, त्याच्याच माथी चोरीचा आळ. एका शब्दात बागुलांनी सारा खटला उभा केला आहे.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. तेथे ‘मी’ एक नाही, दोन आहेत. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच, आणि तरीही दोन. ही युक्ती कशासाठी? आपल्या घरांत दगडू, धोंडू, कचरू ही नावे किती होती ते आठवा. शाळा शिकलेला, कचेरीत बसणारा, कविता लिहिणारा दया एकीकडे आणि महारवाड्यातला दगडू दुसरीकडे. शिक्षणाने माणूस बाहेर पडला, पण गावाने त्याचा अर्धा भाग सोडला नाही. हे दुभंगलेपण पवारांनी नुसते सांगितले नाही, पुस्तकाची रचनाच दुभंगून दाखवली. ‘हे सारे चव्हाट्यावर कशाला मांडले?’ असे नाराजीचे सूर तेव्हा आपल्या माणसांतूनही उमटले. ऑफिसात साहेब आणि गावाकडे दगडू असलेल्या अनेकांना तो आरसा सोसवला नसावा.

मग बेबीताई कांबळे आल्या. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आत्मकथन म्हणजे ‘मी’ची कथा, ही व्याख्याच या फलटणच्या बाईने मोडली. पुस्तकभर बोलते ती वस्ती. सासुरवाशिणी बोलतात, उपास बोलतो, अंगात येणाऱ्या बाया बोलतात, आणि बाबासाहेबांचे ऐकून जागा झालेला समाज बोलतो. मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. बेबीताईंनी ‘आमुचं’ म्हटले. सवर्ण वाचकाला त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे करून ऐकवले. शतकानुशतके उंबऱ्याबाहेर कोण उभे होते, हे सांगायची मग गरजच उरत नाही.

परंतु येथेच आम्हाला स्वतःलाही एक प्रश्न विचारावा लागतो. बेबीताईंनी हे लेखन घरच्यांपासून लपवून ठेवले होते. नवऱ्याकडून झालेल्या जाचाविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात मात्र वस्तीतल्या बायकांचे हाल सविस्तर आले आणि स्वतःच्या संसारातला हा भाग जवळपास आलाच नाही. म्हणजे ज्या ‘आम्ही’ने समाजाला आवाज दिला, त्याच ‘आम्ही’च्या पदराआड एक ‘मी’ गप्प राहिली. हा दोष बेबीताईंचा नव्हे. लढाईच्या काळात घरातले बाहेर काढू नये, हे दडपण आम्हीच आमच्या बायांवर ठेवले होते.

ते दडपण झुगारणारे पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवारांचे २००३ सालचे ‘आयदान’. आयदान म्हणजे कोकणातली बांबूची सुपे-टोपल्या. नवरा गेल्यावर आई आयदाने विणून घर चालवी. त्या विणकामाशी ऊर्मिलाताईंनी आपल्या लेखनाची वीण जोडली. एक काडी जातीची, एक बाईपणाची. एक खाली, एक वर. एक काढली तर टोपली सुटते. आणि येथे ‘मी’ स्पष्ट बोलते, चळवळीत मिरवणाऱ्या पुरुषांच्या घरातल्या वागण्याविषयीही बोलते. याच ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासह १९८९ साली आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहिला, त्याचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्या ‘ही’कडे लक्ष द्या. ‘ही’ हे एक अक्षर. पण चळवळीच्या ‘आम्ही’त आम्हाला धरले होते का, हा सवाल त्यात पुरा आहे.

हे सारे कला नव्हे तर काय आहे? फरक एवढाच की ही कला करमणुकीसाठी नाही. आशय आधी आणि अलंकार नंतर, असा हा व्यवहार नाही. येथे सांगण्याची रीत हाच आशय आहे. म्हणून आमच्या लेखकांना केवळ ‘साक्षीदार’ म्हणणे हा अपमान आहे. साक्षीदार पाहिलेले सांगतो. लेखक पाहिलेल्याचा अर्थ लावतो. अर्थ लावण्याचा अधिकार नाकारणे, हीच तर मनूची जुनी खोड.

विहारांत, वस्तीतल्या वाचनालयांत, अभ्यासवर्गांत आपण ही पुस्तके वाचतो तेव्हा ‘काय सोसले’ एवढ्यावर थांबू नये. ‘हे असेच का सांगितले’ हे मुलामुलींना विचारावे. आणि या स्तंभात आम्हीही ‘आम्ही’ म्हणून लिहितो, तेव्हा हा प्रश्न आम्हालाही लागू आहे. आपल्या संविधानाची उद्देशिका ‘आम्ही’नेच सुरू होते. त्या ‘आम्ही’त देशातला शेवटचा माणूस आला पाहिजे, असा आग्रह आपण धरतो. मग आपल्या ‘आम्ही’त आपल्या घरातली बाई, आपल्यापेक्षा दुबळ्या जातीचा शेजारी, भटक्यांच्या पालावरचे पोर आले आहे काय? आले नसेल तर उद्या त्यांची लेखणी आम्हाला जाब विचारील. तो जाब कान देऊन ऐकण्याची तयारी आजच ठेवली पाहिजे.