राहवीराला बक्षीस, शिक्षणाला छदाम नाही

एप्रिल 2025 मध्ये केंद्राने ‘राहवीर’ योजना आणली. अपघातातल्या गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला पूर्वी 5,000 रुपये मिळत, आता 25,000. ती बातमी मला बोचली. जीव वाचवल्यावर द्यायला पैसे आहेत, तो कसा वाचवायचा हे आधी शिकवायला नाहीत.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला पुणे-बेंगळुरू रस्ता दुपदरी होता तेव्हाच्या मदतीचे फार सांगण्यासारखे नाही. सापडेल त्या गाडीत जखमीला घालायचे आणि बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठायचे. रस्ता चौपदरी झाला आणि तवंदी घाटातल्या गाड्यांचा वेग वाढला, तरी रीत तीच राहिली.

बदल आला 2008 नंतरच्या दशकात. सीमाभागातला मराठी माणूस 1 नोव्हेंबर काळा दिन म्हणून पाळतो. 2008 साली त्याच तारखेला कर्नाटकात 108 ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तारखेचा राग धरून कुणी रुग्णवाहिका नाकारली नाही. उलट आत ऑक्सिजन आहे, शिकलेला आपत्कालीन तंत्रज्ञ (ईएमटी) आहे, याचे केवढे अप्रूप होते! 2014 मध्ये महाराष्ट्राने 937 गाड्या आणल्या, त्यांत तर डॉक्टर. केंद्रानेही महामार्गांवरच्या सरकारी रुग्णालयांत ट्रॉमा सेंटर उभारायला अकराव्या पंचवार्षिक योजनेत 732.75 कोटी मंजूर केले होते. इमारती, यंत्रे, वाहने, सगळ्यावर खर्च झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

पण गाडी येईपर्यंत जखमीजवळ कोण असतो? वडापचा ड्रायव्हर, ढाबेवाला, पंक्चरवाला, तरुण मंडळाची पोरे. त्यांच्यावर कुणी खर्च केला? हीच माणसे चेपलेल्या केबिनमधून माणूस ओढून काढतात, मान सांभाळायची असते हे ठाऊक नसल्याने काखेत हात घालून उचलतात, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओततात. रक्त वाहते तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचे, इतके साधे त्यांना कुणी दाखवलेले नाही. माया भरपूर, पण त्या मायेनेच कधी इजा वाढते.

त्या वर्षांत कायद्याची भीती मात्र कमी झाली. पूर्वी जखमीला हात लावला की पोलीस चौकशी आणि कोर्टाच्या फेऱ्या मागे लागतील, म्हणून लोक लांबूनच बघत. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आले. हात मोकळे झाले, शिकवायचे राहून गेले. त्याच काळात एका प्रथमोपचार शिबिराला मी गेलो होतो. हारतुरे आणि भाषणे यांत दुपार सरली. छातीवर दाब देण्याचा सराव करायला पुतळा एकच, तो मागच्या रांगांपर्यंत पोचलाच नाही. प्रमाणपत्र सगळ्यांना मिळाले. त्या कागदाचा मला अजून राग येतो. मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाब द्यायचा, हे हाताला वळण लागल्याशिवाय येत नाही. आणि सराव सुटला की काही महिन्यांत विसरते.

ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. रस्ताच बंद म्हटल्यावर 108 कुठून येणार? त्या वेळी गावात जो होता तोच वैद्य.

पैसे घातले तर हे जमते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत 2021 मध्ये 350 जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांसाठी 369.41 कोटी ठेवले गेले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच, विमा. माणशी 37 हजारांच्या आत. पण ती योजना आपत्तीसाठी. घाटातला रोजचा अपघात तिच्या हिशेबात धरलेला नाही. अमेरिकेतही पिट्सबर्गला 1967 मध्ये डॉ. पीटर सफार यांच्या देखरेखीखाली फ्रीडम हाऊस या संस्थेने बेकार कृष्णवर्णीय तरुणांना रुग्णवाहिकेचे शिक्षण दिले, त्यासाठी सार्वजनिक पैसा लागला.

2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करून 54 कोटींची तरतूद केली. कर्नाटकाने हरकत घेतली, दोन्हीकडून निवेदने झडली. ती योजना हवीच. पण तिचा उपयोग दवाखान्याच्या दारात पोचल्यावर. दारापर्यंत जिवंत पोचवणाऱ्यावर त्या भांडणात एक वाक्य खर्ची पडले नाही. आपदा मित्राच्या दराने धरले, तर 54 कोटींत या प्रत्येक गावात सोळा माणसे तयार होतात. मला सोळाही नकोत. कोगनोळीपासून हत्तरगीपर्यंत महामार्गालगतच्या गावांत चौघे-चौघे द्या. मराठीत शिकवा, वर्षातून दोनदा सराव घ्या, बुडालेल्या मजुरीचे पैसे द्या. बेंगळुरूने दिले तरी चालेल, मुंबईने दिले तरी चालेल.