गायीचं वजन आणि नववीचं गणित

गायीचं वजन काढायला काटाच हवा असं नाही. छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं. घेर ६० इंच, लांबी ५० इंच भरली तर गाय साधारण २७३ किलोची. जंताच्या औषधाची मात्रा या आकड्यावर ठरते, चाऱ्याचा अंदाजही. गोठ्यात टेप धरून उभ्या असलेल्या नववीतल्या मुलीला वर्ग कशासाठी शिकायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे शिक्षण शाळेत आणलं पाबळच्या विज्ञान आश्रमानं. पाबळ म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं अवर्षणप्रवण गाव. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरमधला संशोधनाचा अनुभव घेऊन आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली इथे आले, पत्नी मीराताईंसह. हातानं काम करताना बुद्धी चालते, हा त्यांचा विश्वास. तो त्यांनी माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात बसवला, आणि मला त्यांचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं.

आठवी ते दहावीचा 'मूलभूत तंत्रज्ञान परिचय' हा त्यांचा विषय आठवड्यातला एक दिवस घेतो. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य हे त्याचे चार विभाग. माती परीक्षण, कलमं, रोपवाटिका, जनावरांची निगा ही शेती विभागातली कामं. चारही विभाग सगळ्यांना असतात. वेल्डिंग मुलीही करतात, स्वयंपाक मुलगेही. शिकवायला गावातलीच हुन्नर असलेली माणसं येतात.

शेती शाळेत इतरत्रही शिकवतात, पण वेगळ्या रीतीनं. वाराणसीचा विद्यार्थी उत्तर प्रदेश बोर्डात दहावीनंतर कृषी ही स्वतंत्र शाखा घेऊ शकतो. तिथे शेती फक्त ती निवडणाऱ्याच्याच वाट्याला येते. पाबळमध्ये पुढे परिचारिका किंवा कारकून होणारीही माती हातात घेते. त्याच वाराणसीच्या राजघाटावरून सर्व सेवा संघानं नई तालीमचं, म्हणजे हातकामातून शिकण्याच्या विचाराचं, साहित्य देशभर पोचवलं. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या त्या विचाराचं परीक्षापद्धतीत टिकलेलं रूप मला पाबळमध्ये दिसतं. महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळानं पाबळच्या या विषयाला मान्यता दिली आहे.

यातला मला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मुलांनी गावाला पैसे घेऊन दिलेली सेवा. शेतकरी माती तपासून घेतो आणि त्याचे पैसे मोजतो, तेव्हा निकाल चुकून चालत नाही. उत्तरपत्रिकेतली चूक मुलाचे दोन गुण घेते. इथली चूक शेतात चुकीचं खत टाकायला लावते. ही जबाबदारी चौदाव्या वर्षी पेलता येते, हे या शाळांनी दाखवलंय.

कलबाग २००३ साली गेले. डॉ. योगेश कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली आश्रमानं हा अभ्यासक्रम महाराष्ट्राबाहेरच्या शाळांतही नेला. प्रत्येक शाळेला मात्र अवजारं, बियाणं आणि निदेशकाचं मानधन यांची तजवीज दरवर्षी करावीच लागते. शासनानं हा खर्च प्रयोगशाळेच्या खर्चासारखाच नियमित अंदाजपत्रकात धरावा.